अंगारकीच्या सकाळची सुई

गौलीगुडा, हैदराबाद
१४ ऑगस्ट २०२५, गुरुवार

सौ. उषाताईंना त्रिवेणीचा नमस्कार.

हे पत्र आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी उदगीर बसच्या दत्तोबा कंडक्टरच्या हाती देते आहे. बरणी आडवी करू नका म्हणून त्यांना तीनदा बजावलंय. तरी पत्राला तेल लागलंच तर राग त्यांच्यावर काढा, माझ्यावर नको, माझ्या खात्यावर आधीच पुष्कळ आहे.

पत्र कशाला, म्हणाल. अहो, जूनपासून तुम्ही माझ्याशी फोनवर बोलत नाही. आईंशी बोलता तेव्हा स्पीकर लावता, आणि भाऊजींपासून समोरच्या दुकानदारापर्यंत सगळे ऐकतात. मला तुमच्या एकटीशी बोलायचं होतं.

आई मजेत आहेत. खोटं नाही सांगत, वजन दीड किलो वाढलंय. सकाळी साडेसहाला उठून गच्चीवर चकरा मारतात. दुपारी शेजारच्या रझिया आपांकडे बसतात. आई मराठीत बोलतात, आपा त्यांच्या दखनीत, आणि दोघी तास तास हसत असतात. काय कळतं एकमेकींना, त्या गणपतीला आणि त्यांच्या अल्लाला ठाऊक. परवा भाजीवाल्यानं दहा रुपये जास्त मागितले तर आई कमरेवर हात ठेवून आपांच्या भाषेत "का?" विचारायला लागल्या, "कैकू?" तन्वी हसून हसून खाली बसली. तन्वीचं दिलसुखनगरला कोचिंग चालू आहे. घरी आली की आजीच्या मांडीवर डोकं, मग अभ्यास. तिचं मराठी वाचन यथातथाच, तेव्हा पत्र तिच्या हाती लागलं तरी भीती नाही.

माझी ड्यूटी चालू आहे. विद्यानगरला जायला एकच बस, पण ती येईल तेव्हा खरी. यंदा नव्या आलेल्या बारा नर्सेसना शिकवायचं काम माझ्याकडे दिलंय. औषध कसं द्यायचं, दिल्यावर काय बघायचं, काय लिहायचं. बावीस वर्षं मुकाट्यानं केलेलं काम आता तोंडानं सांगायचं म्हणजे गंमतच वाटते. पण आवडतंय हो. मुली "अक्का, अक्का" करत मागे असतात.

जूनमध्ये आईंना घेऊन निघताना तुम्ही अंगणात सगळ्यांसमोर म्हणालात ते माझ्या लक्षात आहे. "दिवाळीपर्यंत बघते. एक जरी गोष्ट इकडची तिकडे झाली, तर येऊन आईला घेऊन जाईन, आणि मग परत मागायची नाही." आणि मीही काही कमी नाही, ठसक्यात म्हणाले होते, "माझ्या हाताखाली एक गोळी चुकायची नाही." 

तर तसं सगळं ठीक आहे. मंगळवारी आईंना जरा घेरी आल्यासारखं झालं होतं. उकाडा फार होता. आता बऱ्या आहेत. काळजी करू नका.

भाऊजींना नमस्कार. लोणचं आठ दिवस मुरू द्या.

तुमची भावजय,
त्रिवेणी


गौलीगुडा
१७ ऑगस्ट, रविवार

उषाताई, नमस्कार.

तीन दिवसांत दुसरं पत्र, म्हणजे तुम्हाला वास आलाच असेल. बसून वाचा. आई ठीक आहेत, हे आधी सांगते. आत्ता गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढतायत आणि माझ्या घड्या घालण्याला नावं ठेवतायत.

गुरुवारच्या पत्रात मी जे लिहिलं ते खोटं होतं. घेरी उकाड्यानं आली नव्हती. आईंची साखर अठ्ठेचाळीसवर आली होती. तुम्हाला आकड्याचा अर्थ कळावा म्हणून सांगते, सत्तरच्या खाली आली की आम्ही धावतो. अठ्ठेचाळीसला माणूस घामानं निथळतं, बरळतं, आणि आणखी खाली गेली तर शुद्ध जाते. कधी कधी परत येत नाही. आता घाबरलात ना? मीही घाबरले होते. बावीस वर्षांत दुसऱ्यांच्या आयांना अशा अवस्थेत किती वेळा पाहिलं असेल, मी कधी गडबडले नाही. त्या दिवशी रिक्षाचे पैसे मोजता येईनात.

काय झालं ते सांगते. मंगळवारी अंगारकी होती. आईंना सकाळी सात वाजता इन्सुलिनची सुई असते आणि सुईनंतर लगेच नाश्ता करायचा असतो. सुई साखर उतरवते, पोटात काही नसेल तर ती उतरतच जाते. मी सात-दहाला सुई दिली, उपम्याची ताटली ओट्यावर झाकून ठेवली होती, आणि ड्यूटीला निघाले. आईंनी उपमा डब्यात भरून जिना झाडणाऱ्या बाईला दिला आणि जप करत बसल्या. चंद्र निघेपर्यंत पाणी सोडून काही घ्यायचं नाही, हा त्यांचा अंगारकीचा नेम. तुम्हाला तर ठाऊकच आहे.

दहाच्या सुमारास रझिया आपा कढीपत्ता मागायला आल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. बघतात तर आई भिंतीला टेकून बसलेल्या, पदर घामानं ओला, आणि "उषी, गाय सोड, गाय सोड" म्हणत होत्या. आपांच्या मियाँना पण साखर आहे, म्हणून त्यांना ओळखू आलं. आपांनी आपल्या घरातलं मशीन आणून बोट टोचलं आणि साखरेचं पाणी केलं. आई तोंड घट्ट मिटून मान हलवायला लागल्या, तशी आपा म्हणाल्या, "अम्मा, तुमे पियो. तुम्हारे गणपती कू मैं समझा लेतूं!" आई गिळतायत ना, हे बघत बघत घोट घोट पाजलं. पाव तासानं परत मोजलं. एकाहत्तर. मग दोन केळी खाऊ घातली आणि मला फोन केला. अहो, शिकलेल्या नर्सनं केलं असतं तेच त्या बाईनं केलं. मी पोचले तेव्हा आई पलंगावर बसून आपांना विचारत होत्या, "माझा उपास मोडला का गं?"

हे सगळं ऐकून युवराज काय म्हणाले माहीत आहे? "आईचीच चूक आहे. तू सांगितलं होतंस, तिनं ऐकलं नाही. ताईला कशाला कळवायचं? ती उद्याच्या बसनं येऊन आईला घेऊन जाईल." तुमचा भाऊ आहे, तुम्हाला चांगलं ओळखतो. आणि त्यांचं म्हणणं मला इतकं गोड लागलं की तीन दिवस मी तेच घोळवत बसले. आईंनी लपवलं. आई खोटं बोलल्या. मी बिचारी काय करणार!

पण ताई, मला माहीत होतं.

सुईची तयारी करताना देवघरात माझी नजर गेली होती. वाटीत दुर्वांची जुडी आणि जास्वंदीची दोन फुलं होती. आपल्या घरी दुर्वा कधी आणतात? माझ्या मनात स्पष्ट आलं होतं, आज अंगारकी, म्हातारीनं उपास धरलेला दिसतोय. एक पाय चपलेत होता. आठ वाजता त्या मुलींचा वर्ग होता. आता विचारलं तर वाद होणार, आई रुसणार, बस चुकणार. म्हणून मी कसं विचारलं, ते बघा. म्हटलं, "लगेच खाणार ना, आई?" आणि त्या म्हणाल्या, "हो की, तू जा."

आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात, पेशंटला "हो" म्हणून सुटता येईल असा प्रश्न करायचा नाही. "तुम्ही अमक्या ना?" असं नाही, तर "नाव सांगा." "जेवलात ना?" असं नाही, तर ताट बघायचं. आपल्या लोकांचं तर विचारूच नका. उपाशी माणूससुद्धा "झालं की जेवण" म्हणतं, समोरच्याला त्रास नको म्हणून. आमच्या वॉर्डात नियम आहे, ताट समोर आल्याशिवाय आणि पहिला घास तोंडात गेल्याशिवाय सुई नाही. हा नियम मी त्याच दिवशी साडेनऊला बारा मुलींकडून तीनदा म्हणवून घेतला. आणि दहा वाजून गेल्यावर आपांचा फोन आला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

मला "हो"च ऐकायचं होतं, म्हणून मी तसा प्रश्न केला. हे युवराजना नाही समजायचं. तुम्हाला समजेल.

आणखी एक. आई आल्या त्याच आठवड्यात मी घरात फर्मान काढलं होतं, "या घरात उपास बंद." तन्वीसमोर, युवराजसमोर. आई काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, जिंकले. वॉर्डात एखादी आजी मला म्हणाली असती की माझा उपास आहे, तर मी डॉक्टरांना विचारलं असतं, मात्रा कमी करायची का, काय खायला चालेल. तिथे मी कुणावर ओरडत नाही हो. घरी मात्र ओरडले, म्हणून आईंना लपवावं लागलं.

हॉस्पिटलात अशी चूक झाली की एक फॉर्म भरायचा असतो. कुणाला शिक्षा करायला नाही, पुन्हा होऊ नये म्हणून. मी स्वतःच्या चुकांचे दोन भरलेत आजवर, लाज वाटली नाही. घरच्या चुकीचा फॉर्म नसतो. तर हे पत्रच तो फॉर्म समजा, आणि तपासणारी तुम्ही.

शुक्रवारी मी आईंना घेऊन डॉक्टरांकडे गेले होते, सगळं खरं सांगितलं. त्यांनी उपासाच्या दिवसाची वेगळी मात्रा लिहून दिली, आणि अगदी निरंकार राहायचं नाही, दूध आणि राजगिरा घ्यायचाच, असं आईंना समोर बसवून सांगितलं. आईंनी विचारलं, "साबुदाणा?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साबुदाना नक्को, अम्मा." घरी पोचेपर्यंत आई माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

आता तुमचं तुम्ही ठरवा. मी शब्द दिला होता आणि तो मोडला. तुम्ही आलात तर मी बॅग भरून देईन, दारात उभी राहून भांडणार नाही. पण माझ्या मनात काय आहे ते लिहायला नको का? मला त्या इथे हव्या आहेत. मी सात वर्षांची असताना माझी आई गेली. ड्यूटीवरून आल्यावर "आलीस का, चहा टाकू?" म्हणणारं माणूस मला पन्नाशीला आल्यावर मिळालंय. ते जाईल या भीतीनं मी गुरुवारी तुमच्याशी खोटं बोलले. बस.

शिव्या द्यायच्या असतील तर फोन करा, स्पीकर लावलात तरी चालेल.

तुमच्या शब्दाची वाट बघणारी,
त्रिवेणी


गौलीगुडा
१२ सप्टेंबर, शुक्रवार

प्रिय ताई,

"प्रिय" लिहिलंय, खोडत नाही.

आधी बातमी. परवाची संकष्टी नीट पार पडली. सकाळी आईंसमोर दूध आणि राजगिऱ्याच्या वड्या ठेवल्या, त्यांनी पहिला घास घेतला, मग सुई, डॉक्टरांनी लिहिलेली कमी मात्रेची. दिवसात चारदा साखर मोजली. एकदाही शंभराच्या खाली नाही. रजा टाकली होती, युवराज म्हणाले, "संकष्टीला रजा मागणारी तू पहिलीच नर्स असशील." चंद्रोदयाला मोदक झाले. आईंना एकच दिला, तर त्यांनी आपांकडे जाऊन दुसरा मिळवला. रात्रीची साखर जरा चढली, ते मी लिहून ठेवलंय.

तुम्ही आलात त्या दिवसाबद्दल तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलं. दुसरं पत्र सोमवारी तुमच्या हाती पडलं आणि मंगळवारी दुपारी तुम्ही दत्तोबांच्याच बसनं दारात उभ्या. हातात रिकामी मोठी बॅग. ती बॅग बघूनच मी समजले. पाणी दिलं तर घेतलंत, एवढंच. दोन दिवस रोज सकाळी सातला माझ्या पाठीशी उभ्या राहायचात आणि माझे हात बघायचात. खरं सांगू? बावीस वर्षांत इतकी कडक परीक्षा कुणी घेतली नव्हती.

तिसऱ्या दिवशी तुम्ही ओट्याशी भेंडी चिरत होतात. माझ्याकडे न बघताच म्हणालात, "दोन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात पडली, मनगट मोडलं, ते पाय घसरून नव्हे. सकाळी बीपीची गोळी दिलेली मी विसरले आणि तासाभरानं पुन्हा दिली, त्यानं तिला चक्कर आली. पाकीट बघितलं तेव्हा कळलं. कुणालाच सांगितलं नाही. ह्यांनासुद्धा नाही." आणि मग तुम्ही रडलात, आणि मी तुमच्या हातातली सुरी काढून घेतली, कारण भेंडी चिरता चिरता रडणं म्हणजे बोट कापून घ्यायचं लक्षण. ताई, दोन वर्षं तुम्ही हे एकटीनं उरावर घेऊन फिरलात! आणि मी समजत होते, तुम्हाला माझ्या नर्सपणाचा राग आहे.

चौथ्या दिवशी तुम्ही रिकामी बॅग घेऊन परत गेलात. दिवाळीला आईंना घेऊन ये, म्हणालात, मग संक्रांतीपर्यंत त्या उदगीरला, मग पुन्हा इकडे. मान्य. आनंदानं मान्य. सुई द्यायला तुम्ही शिकलातच आहात, पहिल्याच खेपेला हात हलला नाही. गोळ्यांसाठी सात खणांची डबी मी घेऊन ठेवलीय. खण रिकामा दिसला की गोळी दिलेली आहे, आठवणीवर विसंबायचं काम नाही. तिकडे काही चुकलं, शंका आली, तर मला फोन करायचा, कितीही क्षुल्लक वाटलं तरी. मी ओरडणार नाही. ओरडले तर मला हे पत्र दाखवा.

बसमध्ये चढताना तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "गोळीचं आईला कळू देऊ नकोस." मी हो म्हटलं. तीन आठवडे मी अवाक्षर काढलं नाही.

आज दुपारी हे लिहीत बसले होते. आई शेजारी येऊन बसल्या. "उषीला लिहितेस?" "हो." "वाच बघू." मी मोदकांपासून वाचायला लागले आणि भेंडीचा मजकूर गाळून थेट दिवाळीवर आले. आई ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "मधलं एक पान वाचलं नाहीस तू." मी पान पालथं घातलं. मग म्हणाल्या, "गोळीचं ना? त्या दिवशी ओट्याशी दोघी रडत होता तेव्हाच मला वाटलं, सांगितलं तिनं एकदाचं."

ताई, मी पेन खाली ठेवलं. मी शब्द मोडलेला नाही, देवाशपथ. त्यांना आधीपासूनच माहीत होतं. मी विचारलं, "मग दुसरी गोळी देत होती तेव्हाच तिला थांबवलं का नाही?" तर म्हणाल्या, "ते मी तुला कशाला सांगू? दे ते पेन इकडं." चौथीपर्यंत शिकलेलं अक्षर आहे, मोठं मोठं. पाव तास लागला त्यांना. मी उठून स्वयंपाकघरात गेले, वाचलेलं नाही. तुम्हीच वाचा.

तुमची,
त्रिवेणी

चि. उषास आईचा आशीर्वाद.
दुसरी गोळी आणलीस तेव्हा पहिली घेतलेली मला आठवत होती. पण तुझं तोंड उतरलं होतं, घरात तुझ्या सासऱ्यांचं आजारपण चाललं होतं. विसरलीस म्हणावं तर तुला लागलं असतं. एका गोळीनं काय होतंय म्हणून गिळली. पडले ती माझ्या गप्प बसण्यानं पडले, तुझ्या हातानं नाही. हे मी तुला त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, दोन वर्षं लागली. माझं चुकलं. ये लवकर. आता गोळी देशील तेव्हा आधी विचारीन, ही कितवी गं?
— आई